नाथसागरावरचे फोटो : गवत शार्प, डोळा सॉफ्ट. दोष टेली लेन्सचा की माझा?

गोदाकाठ (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. डिसेंबरपासून मी बहुतेक रविवारी पहाटे पैठणच्या बाजूने नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) काठावर पक्ष्यांचे फोटो काढायला जातो. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर (लहान आकाराचा सेन्सर असलेला) डीएसएलआर आहे आणि त्यावर १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे, जी ६०० मिमीवर एफ ६.३ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान, तेवढे ॲपर्चर म्हणजे लेन्सचे भोक मोठे). तीन रविवारांत मिळून जवळपास ९०० फोटो काढले आणि त्यांत पक्ष्याचा डोळा खरोखर शार्प आहे असे फोटो माझ्या मोजणीत ३१ निघाले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सगळेच छान दिसतात. घरी संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहिले की एकात पट्टकदंबाची शेपटी शार्प असते, दुसऱ्यात त्याच्या पायाजवळचे गवत शार्प असते आणि तिसऱ्यात कशावरच फोकस नसतो.

ज्या दुकानातून लेन्स घेतली तेथे विचारले, तेव्हा ‘६०० वर एवढेच मिळते, एफ ११ ला काढत जा’ असे उत्तर मिळाले. एफ ११ ला काढायचे तर पहाटेच्या उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) फार चढतो, आणि मागचे सगळे विरघळून पक्षी एकटा उठून दिसावा यासाठीच तर ही दोन किलोची लेन्स खांद्यावर घेतली होती. ती विकून टाकावी काय, अशी चर्चा घरात सुरू झाली आहे. ती कोणी सुरू केली हे येथे लिहीत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बालाघाटकर (अंबाजोगाई)

लेन्स विकण्याआधी फोटोंचा पंचनामा करा. फोकस नेमका कोठे पडला याची साक्ष बहुतेक वेळा फोटोतच असते, पण आपण डोळा सॉफ्ट दिसला की फोटो उडवून मोकळे होतो आणि साक्षीदारही त्याबरोबर जातो.

जमिनीवर किंवा काठावर बसलेल्या पक्ष्याचा फोटो उघडा आणि पक्ष्याकडे न पाहता जमिनीकडे पाहा. काळ्या रानातील ढेकळे, चिखलाच्या भेगा, गवताची पाती यांचा एक आडवा पट्टा शार्प दिसेल आणि त्याच्या अलीकडचे व पलीकडचे सगळे विरत गेलेले असेल. तो पट्टा पक्ष्याच्या अलीकडे पडला असेल तर फोकस पुढे पडला, पलीकडे असेल तर मागे पडला. जर तो प्रत्येक फोटोत एकाच बाजूला पडत असेल, तर कॅमेरा आणि लेन्स यांचा आपसांतील मेळ चुकला आहे, असे समजण्यास जागा आहे. तो कधी अलीकडे तर कधी पलीकडे पडत असेल, तर दोष बहुधा आपल्या हाताचा, पक्ष्याच्या हालचालीचा किंवा निवडलेल्या फोकस पॉइंटचा असतो. पट्टा कोठेच नसेल, म्हणजे सगळीच जमीन सारखी सॉफ्ट असेल, तर तो फोकसचा प्रश्नच नाही. त्या वेळी कडा बारकाईने पाहाव्यात : सगळ्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या किंवा दुहेरी दिसत असतील तर कॅमेरा हलला आहे, आणि कडा ओल्या कागदावरच्या शाईसारख्या पसरलेल्या, कोठे बऱ्या तर कोठे वाईट असतील तर मध्ये तापलेली हवा आहे.

माझ्याकडे गेल्या काही वर्षांत असे ‘लेन्स खराब आहे’ म्हणत आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा आजार हवेचा किंवा हाताचा निघाला. तुमचाही तसाच असेल असे मी म्हणत नाही. पंचनामा करून येथे लिहा.

एफ_आठ (लातूर)

काकांशी सहमत आहे, पण आधी डेप्थ, म्हणजे शार्प दिसणाऱ्या पट्ट्याची खोली, किती असते ते आकड्यांत पाहून घ्यावे, म्हणजे आपण किती बारीक पट्ट्याशी झगडत आहोत ते कळते. ६०० मिमी, एफ ६.३, पक्षी १२ मीटरवर आणि क्रॉप सेन्सरसाठी नेहमी धरतात तो ०.०२ मिमीचा अस्पष्टतेचा वर्तुळव्यास (ठिपका एवढा पसरला तरी शार्पच वाटतो ती मर्यादा) घेतला, तर शार्प दिसणारा पट्टा एकूण १० सेंटिमीटर येतो. एफ ८ ला तो सुमारे १३ होतो. पक्षी ६ मीटरवर आला तर एफ ६.३ ला पट्टा अडीच सेंटिमीटरच उरतो, आणि २४ मीटरवर गेला तर ४० होतो, कारण अंतर दुप्पट झाले की डेप्थ चौपट होते.

यात एक मेख आहे आणि ती बहुतेक तक्ते सांगत नाहीत. ०.०२ मिमी हा आकडा साधारण पुस्तकाच्या पानाएवढा प्रिंट हातभर अंतरावरून पाहण्यासाठी ठरलेला आहे. गोदाकाठ, तुम्ही फोटो शंभर टक्के मोठा करून पाहता. तुमच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल जेमतेम ०.००४ मिमीचा आहे. दोन पिक्सेलइतकी अस्पष्टता चालवून घ्यायची म्हटले तरी ०.००८ धरावे लागेल. मग ते १० सेंटिमीटर चारवर येतात. पक्षी तुमच्याकडे तोंड करून बसला असेल, तर खंड्यासारख्या लांब चोचीच्या पक्ष्यात चोचीचे टोक आणि डोळा ही दोन्ही त्या चार सेंटिमीटरांत मावत नाहीत. म्हणजे तुमच्या ३१ फोटोंखेरीज इतरही पुष्कळ फोटो प्रिंटवर चांगले दिसतील; मात्र ९०० पैकी ३१ हे प्रमाण त्यानेही समजावता येत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘एक तृतीयांश पट्टा पुढे, दोन तृतीयांश मागे’ हा नियम येथे विसरावा. टेली लेन्सला एवढ्या अंतरावर पट्टा पुढे आणि मागे जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे ‘थोडे पुढे फोकस केले तरी चालते’ ही सवय असेल तर ती सोडा. तुम्ही फोकस धरून मग फ्रेम बदलता काय? मला वाटते तुमचा खरा दोष तेथेच असावा, कारण कॅमेरा फिरवला की फोकसचे प्रतल (ज्या पातळीत सगळे शार्प येते ती) तिरके फिरते.

गोदाकाठ

आकड्यांबद्दल आभारी आहे. होय, मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस धरतो, शटर अर्धे दाबून ठेवतो आणि मग पक्षी एका बाजूला येईल अशी फ्रेम करतो. सिंगल मोडच वापरतो. मोबाईलच्या आधी ५० मिमीची लेन्स होती तेव्हापासूनची सवय आहे.

बालाघाटकर

सवय बदला, पण कारण नीट समजून घेऊन बदला. एफ_आठ, तुमचे निदान बरोबर आहे आणि कारण चुकीचे आहे, असे मला नम्रपणे वाटते.

फ्रेम बदलताना फोकसचे प्रतल तिरके फिरते आणि फोकस चुकतो, हे लहान लेन्सला लागू आहे. क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिमीने २ मीटरवर फोकस धरून विषय फ्रेमच्या कडेला नेला, तर कॅमेरा सुमारे १३ अंश फिरतो आणि चूक पाच सेंटिमीटरच्या घरात जाते. ६०० मिमीची गोष्टच वेगळी आहे. तिची सगळी आडवी फ्रेमच सव्वादोन अंशांची. मध्यापासून अगदी कडेपर्यंत फिरलात तरी एक अंशाच्या थोडेच पुढे जाता, आणि १२ मीटरवर त्याची चूक अडीच मिलिमीटरही भरत नाही.

मग चुकते काय? फोकस एकदा धरला की सिंगल मोडमध्ये तो तेथेच गोठतो. त्यानंतर फ्रेम नीट करायला एखाद-दुसरा सेकंद जातो. तेवढ्या वेळात उभा किंवा उकिडवा बसलेला माणूस सहज दोन-चार सेंटिमीटर पुढे-मागे डुलतो, दोन किलोचे वजन हातात असल्यास अधिकच, आणि बदकासारखा चालणारा पक्षी तर आणखी पुढे गेलेला असतो. आपला पट्टाच चार सेंटिमीटरचा. म्हणून कॅमेरा कंटिन्युअस मोडवर (ज्यात फोकस सतत चालू राहतो) ठेवा, फोकसचे काम शटरवरून काढून मागच्या बटणावर द्या, आणि मध्याऐवजी डोळ्याच्या जागी येणारा पॉइंट निवडून तेथेच फोकस चालू ठेवून शटर दाबा.

एफ_आठ

काका, मान्य आहे. मी हे गणित कधी करून पाहिले नव्हते आणि इतरांचे वाचून गेली चार वर्षे लोकांना सांगत होतो.

सायंतारा (नांदेड)

मला पॉइंटच्या निवडीबद्दल लिहावेसे वाटते, कारण माझे सुरुवातीचे दोन हिवाळे त्यातच गेले. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या खिडकीत) दिसणारा चौकोन आणि कॅमेरा ज्या भागावर प्रत्यक्ष फोकस मोजतो तो भाग तंतोतंत एक नसतात. मोजणारा भाग बहुधा चौकोनापेक्षा मोठा असतो. १५ मीटरवरच्या टिटवीचा डोळा त्या चौकोनापुढे तिळाएवढा असतो. अशा वेळी कॅमेऱ्याला डोळा नको असतो, त्याला ठळक कड हवी असते आणि ती बऱ्याचदा छातीवर किंवा पंखाच्या काठावर, म्हणजे डोळ्याच्या अलीकडे मिळते. पक्षी समोरून तोंड करून असेल तेव्हा हे हमखास होते. पऱ्हाट्या, तुराट्या किंवा वेड्या बाभळीच्या फांद्या मध्ये असतील तर कॅमेरा पक्ष्यापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून मी आता पक्ष्यापेक्षा त्याच्या मानेची वाट पाहते. पक्षी बाजूने उभा असावा आणि त्याने मान किंचित आपल्याकडे वळवावी. त्या क्षणी चोच, डोळा आणि खांदा साधारण एकाच प्रतलात, सेन्सरला समांतर येतात आणि चार सेंटिमीटरांत सगळा चेहरा बसतो. पट्टकदंब सत्तर सेंटिमीटरांच्या आसपासचा पक्षी आहे, त्याच्या शेपटीसकट सगळे शार्प मिळवण्याचा हट्ट सोडावा. रोहितांचा थवा मात्र लांब असतो : ६० मीटरवर, एफ ८ ला डेप्थ तीन मीटरांहून थोडी अधिक मिळते, आणि तेवढ्यात एका ओळीत येणारे पाच-सहा पक्षी निवडता येतात.

दादा, जमिनीवर आडवे होऊन काढत नसाल तर काढून पाहा. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आला की पार्श्वभूमी पायाजवळच्या चिखलाऐवजी पन्नास-शंभर मीटरवरचे पाणी होते, आणि ती विरघळवायला एफ ६.३ चीच गरज उरत नाही. मात्र थव्याच्या दिशेने सरपटत जाऊ नये. पक्ष्यांनी माना वर केल्या की तेथेच थांबावे. ते अभयारण्य त्यांचे आहे.

एफ_आठ

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला आकडा जोडतो, म्हणजे गोदाकाठ यांची एफ ११ ची भीती थोडी कमी होईल. १२ मीटरवरच्या पक्ष्यामागे पार्श्वभूमी खूप दूर असेल, तर एफ ६.३ ला तिच्यातील प्रत्येक ठिपका सेन्सरवर पावणेपाच मिमीच्या चकतीएवढा पसरतो, आणि एफ ८ ला पावणेचार मिमीच्या. तुमची सगळी फ्रेमच साडेतेवीस मिमी रुंद आहे. म्हणजे एफ ८ लाही एकेक ठिपका फ्रेमचा सहावा हिस्सा व्यापतो. पार्श्वभूमी लोण्यासारखीच राहते. एफ ११ ची मात्र तुम्हाला गरज नाही. सूर्य चांगला वर आला आणि ऊन स्वच्छ पडले की एफ ८, आयएसओ ४०० आणि १/१६०० सेकंदाचे शटर हे गणित सहज बसते. सकाळच्या पहिल्या तासात उजेड दोन स्टॉपने कमी, म्हणजे चौथा हिस्सा, धरला तर आयएसओ १६०० लागेल, आणि ते तुमचा कॅमेरा आरामात पेलतो. क्रॉप सेन्सरवर फ्रेम लहान पडते, म्हणून ६०० मिमी म्हणजे ९०० चा हिशेब. बसलेल्या पक्ष्यालाही १/१००० च्या खाली येऊ नका, आणि उडत्याला १/२००० च्या पुढे ठेवा.

शाळू (परभणी)

मी शेतकरी आहे, फोटो हा छंद. हवेविषयी काकांनी एका ओळीत जे लिहिले, ते आमच्या भागात सगळ्यात मोठे दुखणे आहे. काळी जमीन ऊन फार लवकर पिते. थंडीच्या दिवसांतही साडेनऊ-दहानंतर नांगरलेल्या रानावर वाफ हलताना दिसते आणि धुऱ्यापलीकडचा माणूस पाण्यात उभा असल्यासारखा डुलतो. साध्या डोळ्याला ते नेहमीच दिसते असे नाही. ६०० मिमी ते मोठे करून दाखवते. अशा हवेत कॅमेऱ्याचा फोकसही गोंधळतो, कारण त्याला मिळणारी कडच हलत असते. ओळखायची खूण अशी : एकाच जागी बसलेल्या पक्ष्याचे सलग दहा फोटो काढा. एकात चोच बरी, दुसऱ्यात वाईट, तिसऱ्यात पायच वाकडे दिसले, तर लेन्सला शिवीगाळ करू नका, घरी जा.

नाथसागरावर आणखी एक अडचण आहे. जलाशय उथळ आणि पसरट असल्याने पाणी जसे उतरते तशी काठाची रेघ आत आत सरकत जाते, आणि पक्षी व आपण यांच्यामध्ये उघड्या चिखलाचा रुंद पट्टा पडतो. दूरचा पक्षी, मध्ये तापणारी जमीन. यावर ॲपर्चर, शटर, आयएसओ कशाचाच उपाय नाही. अंतर कमी किंवा वेळ लवकरची, एवढेच दोन उपाय आहेत. फार थंड पहाटे उलटेही होते, पाणी हवेपेक्षा कोमट असते आणि पाण्यालगतची हवा हलते. गाडीतून फोटो काढणाऱ्यांनी काच आधीपासून खाली ठेवावी, इंजिन बंद करावे आणि बॉनेटवरून नेम धरू नये. गाडीतली ऊबही तेच करते.

आधाराला पिशवी वापरा. मी जुन्या जीन्सच्या पायाची शिवून तीत ज्वारी भरली आहे. वाळूपेक्षा हलकी पडते आणि लेन्सला छान बसते.

सायंतारा

ज्वारीबद्दल अनुभवाने सांगते, पिशवी घरात उघड्यावर ठेवू नये. आमच्याकडे उंदरांनी आधार कुरतडला आणि सोंडकिडे लेन्सच्या बॅगेत पोहोचले.

गोदाकाठ

पंचनामा झाला. एका रविवारचे २०० फोटो एकेक करून पाहिले. त्यांत पट्टा पक्ष्याच्या अलीकडे पडलेले ७४, पलीकडे पडलेले २७, पट्टा कोठेच नसलेले आणि हवेच्या खुणा असलेले ६८, हललेले २२ आणि डोळा शार्प असलेले ९ निघाले. वेळ पाहिली तेव्हा त्या ६८ पैकी ५१ साडेनऊनंतरचे होते. शाळू यांचे म्हणणे पटले आणि थोडी लाजही वाटली, कारण मी चहा पिऊन निवांत निघायचो.

पण पुढे पडलेले ७४ आणि मागे पडलेले २७, हा फरक हाताच्या डोलण्याने होईल असे वाटत नाही. काका, आता काय करावे?

बालाघाटकर

आता चाचणी करावी, आणि ती पक्ष्यांवर करू नये. सकाळी सात-साडेसातला गच्चीवर किंवा मोकळ्या रानात पुठ्ठ्यावर वर्तमानपत्राचे पान चिकटवून ते सरळ उभे करा, आणि त्याच्या शेजारी मोजपट्टी तिरकी, अर्धी पुठ्ठ्याच्या अलीकडे आणि अर्धी पलीकडे येईल अशी ठेवा. अंतर लेन्सच्या फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट घ्यावे, म्हणजे ६०० ला १५ ते ३० मीटर. कॅमेरा पक्क्या ट्रायपॉडवर असावा, ॲपर्चर पूर्ण उघडे आणि लेन्सचे स्थिरीकरण बंद असावे, शटर टायमरने सोडावे. आधी व्ह्यूफाइंडरमधून दहा फोटो काढा, प्रत्येक वेळी फोकसची रिंग हाताने बिघडवून. मग तसेच दहा लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहत, काढा.

यातली खुबी अशी की डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरने पाहताना फोकस एका वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो आणि फोटो दुसऱ्याच सेन्सरवर उमटतो. दोन्हींपर्यंतची वाट केसभर जरी वेगळी असली तरी टेली लेन्सला ती कळते. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोटोच्या सेन्सरवरूनच फोकस ठरत असल्याने ती तफावत राहत नाही. लाइव्ह व्ह्यूचे दहाही चांगले आणि व्ह्यूफाइंडरचे दहाही पुढे पडलेले, असे आले तर लेन्सच्या काचा निर्दोष आहेत आणि मेळ तेवढा बिघडला आहे. मिररलेसवाल्यांना (आरसा नसलेला कॅमेरा वापरणाऱ्यांना) ही कटकट जवळपास नसते.

लेन्सपुढे स्वस्त यूव्ही फिल्टर लावला असेल तर चाचणीपूर्वी काढा. ६०० मिमीवर त्या काचेचा दोष ठळक होतो.

गोदाकाठ

फिल्टर होता. दुकानात लेन्सबरोबर लावून दिलेला. काढला, आणि त्यानंतर १५ मीटरवर चाचणी केली. लाइव्ह व्ह्यूचे दहापैकी नऊ फोटो स्वच्छ आले. वर्तमानपत्रातील बारीक जाहिरातीही वाचता येतात, एफ ६.३ ला. व्ह्यूफाइंडरचे दहाच्या दहा पुढे पडले, मोजपट्टीवर सहा सेंटिमीटर अलीकडे. ४०० मिमीवर मात्र फारसा फरक दिसला नाही. कॅमेऱ्यातील फोकस दुरुस्तीच्या यादीत या लेन्सला अधिक ७ दिले, तेव्हा १५ मीटरवर पट्टा पुठ्ठ्यावर आला.

काल पहाटे साडेसहाला काठावर होतो आणि साडेनऊला कॅमेरा बॅगेत घातला. एफ ८, कंटिन्युअस, मागचे बटण, आडवे पडून आणि पिशवीच्या आधाराने. १८० फोटोंपैकी ५२ मध्ये डोळा शार्प आहे. चक्रवाकांची एक जोडी सुमारे २० मीटरवर आली होती, त्यातील नराच्या डोळ्यात सूर्याचा ठिपका दिसतो आणि मागचे पाणी नुसता निळा रंग झाले आहे. शर्टाचे काय झाले ते चिखलालाच माहीत.

एक शंका उरली आहे. ४० मीटरवरच्या शेकाट्यांचे फोटो आता किंचित मागे पडल्यासारखे वाटतात. हा भास आहे काय?

बालाघाटकर

भास नसावा. कॅमेऱ्यातील दुरुस्ती सगळ्या अंतरांना एकच आकडा लावते, आणि तुम्ही तो १५ मीटरवर ठरवला आहे. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या ठरावीक लेन्सना संगणकाला जोडणारे वेगळे उपकरण मिळते, त्यातून वेगवेगळ्या अंतरांना आणि फोकल लेंग्थना वेगवेगळी दुरुस्ती देता येते. तुमच्या लेन्सला ते चालते काय ते पाहा. तोपर्यंत ३० मीटरवर पुन्हा चाचणी करा आणि दोन्ही आकड्यांच्या मधला आकडा ठेवा. ओढा द्यायचाच असेल तर तो १५ मीटरकडे द्या, कारण दूरच्या पक्ष्याला डेप्थ सांभाळून घेते.

गोदाकाठ

येत्या रविवारी ३० मीटरची चाचणी करून आकडा येथे लिहीन. चाचणीला माझ्याकडचे वर्तमानपत्र आता जुने झाले आहे. घरच्यांनी मात्र लेन्स न विकण्याच्या अटीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा देऊ केला आहे, त्यांतील अक्षर बरेच बारीक आहे.